लेकरू पाइप बँडमध्ये जातंय? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी घरांसाठी पहिल्या वर्षाची वाटचाल

आधी काहीही विकत घेऊ नका. सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीत किंवा शाळेतल्या मित्राच्या घरी बॅगपाइप ऐकून मुलाला वेड लागलं, की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर रात्री अकरा वाजता ऑनलाइन दुकानातला स्वस्तातला ‘संपूर्ण संच’ मागवला जातो, नाहीतर भारतात फोन जातो आणि जालंधरकडून कोणी येणारं आहे का याची चौकशी सुरू होते. जालंधर आणि मेरठला बॅगपाइप बनतात, सीमेपलीकडे सियालकोटला तर ढिगाने बनतात. आपल्याकडच्या लष्कराच्या, पोलिसांच्या, शाळांच्या बँडमध्ये भारतीय बनावटीची वाद्यं वाजतातही. तरी इथल्या स्पर्धेच्या पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या ताफ्यात, असा संच चालणार नाही. बँडमधले सगळे पाइपर बहुधा एकाच कारागिराचे चॅन्टर (बोटांनी स्वर वाजवायची नळी) आणि एकाच जातीच्या रीड (नळीच्या तोंडाशी थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) वापरतात, कारण सगळ्यांचा सूर केसाइतकाही हलायला नको असतो. बाहेरून आणलेला चॅन्टर त्यात मिसळत नाही. स्वस्त संचाची भोकं नीट पाडलेली नसतात, सांध्यांमधून हवा गळते, आणि मूल बिचारं आपल्याच फुप्फुसांना दोष देत बसतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बँड, मग शिक्षक, मग प्रॅक्टिस चॅन्टर, मग खरा पाइप आणि शेवटी संघटनेचं सदस्यत्व.

संघटना म्हणजे नेमकं काय

मेनपासून फ्लोरिडापर्यंत आणि खाली टेक्सासपर्यंतच्या पट्ट्यात पाइप बँडची जी व्यवस्था चालते, ती ‘ईस्टर्न युनायटेड स्टेट्स पाइप बँड असोसिएशन’ची. १९६०च्या दशकात सुरू झालेली ही संघटना कुठल्या शहरात वर्ग भरवत नाही, तिची स्वतःची शाळा नाही. ती परीक्षकांची यादी ठेवते, श्रेणी ठरवते, स्पर्धेचे नियम लिहिते, आणि ठिकठिकाणच्या हायलँड गेम्सना, म्हणजे स्कॉटिश खेळ-संगीताच्या मेळाव्यांना, ‘तुमच्या मैदानावरची स्पर्धा आमच्या नियमांप्रमाणे होईल’ अशी मान्यता देते. शिवाय कार्यशाळा घेते. कॅलिफोर्नियाकडची मंडळी ‘वेस्टर्न’ संघटनेत, शिकागोकडची ‘मिडवेस्ट’मध्ये, टोरांटोकडची ओंटारियोच्या संघटनेत. नियमांचा गाभा सगळीकडे सारखा, कारण सगळ्यांची नजर ग्लासगोकडे असते. तिथली ‘रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन’ १९३०ची, नावातलं ‘रॉयल’ १९८०चं, आणि दर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर होणारी जागतिक स्पर्धा तिचीच. समुद्रापलीकडच्यांना तिथे जिंकता येतं हे १९८७ मध्ये ओंटारियोच्या ‘७८थ फ्रेझर हायलँडर्स’ने दाखवलं, स्कॉटलंडबाहेरच्या बँडने पहिला क्रमांक घेण्याची ती पहिली वेळ. पुढे व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडने १९९५ ते २००९ या काळात सहा वेळा ते विजेतेपद आणलं.

पूर्वेकडच्या संघटनेच्या शाखा आहेत: न्यूयॉर्क परिसराची मेट्रो, मिड-अटलांटिक, ईशान्येची, दक्षिणेची, नैर्ऋत्येची आणि ओहायो व्हॅलीची. एडिसनमध्ये राहणाऱ्याने मेट्रो शाखेचं कॅलेंडर पाहावं, व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्यांनी मिड-अटलांटिकचं. राज्यांच्या सीमांवर राहणाऱ्यांनी दोन्ही पाहावीत. कोणत्या शाखेच्या कार्यशाळेला जायचं याला बंधन नसतं, आणि पेनसिल्व्हेनियातून न्यूजर्सीला गाडी चालवणं हे आपल्या लोकांना काही नवीन नाही.

पहिली पायरी: बँड शोधणं

संघटनेकडे सदस्य बँडची यादी असते. त्यातून घरापासून तासाभराच्या अंतरातले दोन-तीन बँड निवडा आणि त्यांच्या सरावाला जाऊन नुसते बसा. सराव बहुधा आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, चर्चच्या तळघरात किंवा शाळेच्या हॉलमध्ये असतो. चर्चचं तळघर म्हणून बिचकू नका, ते फक्त भाड्याने घेतलेलं असतं.

सगळे बँड स्पर्धेत उतरत नाहीत. अग्निशमन दल आणि पोलिसांचे कितीतरी बँड मिरवणुका आणि अंत्ययात्रांसाठीच वाजवतात, आणि त्यांचं काम त्यांच्या जागी मोठं आहे. पण मुलाला शिकायचं असेल, तर स्पर्धेत उतरणारा बँड घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मिरवणुकीत चूक ऐकू येत नाही. स्पर्धेत ती कागदावर लिहून हातात मिळते.

पाइप मेजरला, म्हणजे बँडच्या प्रमुखाला, चार गोष्टी विचारा. नवशिक्यांना कोण शिकवतं आणि किती वेळ? शिकवणी फुकट आहे की फी आहे? ड्रम आणि किल्ट (चुण्यांचा स्कॉटिश घागरा) बँड देतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: गेल्या दोन-तीन वर्षांत इथून सुरुवात केलेली किती मुलं आज बँडच्या वर्तुळात उभी आहेत? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना पाइप मेजर अडखळला, तर पुढचा बँड पाहा. पुष्कळ बँड नवशिक्यांना काहीही न घेता शिकवतात, कारण त्यांना पुढच्या पिढीचे वादक हवे असतात. ‘फुकट म्हणजे दर्जा नसेल’ हा आपला नेहमीचा संशय इथे बाजूला ठेवायचा. मुलं इथे पाइप मेजरला सरळ नावाने हाक मारतात. घरात आजी असेल तर तिला हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी पायरी: प्रॅक्टिस चॅन्टर

खरी सुरुवात पाइपवर होत नाही. ती होते प्रॅक्टिस चॅन्टरवर: फूट-दीड फुटाची प्लास्टिकची नळी, वर तोंडात धरायचा भाग, आत एक रीड. चांगल्या कारागिराचा चॅन्टर शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. लहान आणि लांब अशी दोन मापं असतात. कोणतं घ्यायचं हे शिक्षकाला विचारूनच ठरवा, बोटांची लांबी ते बघतात. या नळीवर सहा महिने ते वर्ष काढावं लागतं. ‘बॅगपाइप कधी मिळणार?’ हा प्रश्न दर रविवारी येईल. उत्तर शिक्षकाने द्यायचं, तुम्ही नाही.

वाद्यात स्वर नऊच. घरात हार्मोनियम असेल तर मुलाला असं समजावता येतं: पाइपवाले ज्याला ‘लो ए’ म्हणतात तो सा धरा. तिथून वर रे, ग, म, प, ध शुद्ध, नी कोमल, वरचा सा, आणि सा-च्या खाली एक मंद्र कोमल नी. थोडक्यात खमाज थाट आणि शिवाय एक पाहुणा. लिहिलेल्या स्वरलिपीत सी आणि एफ तीव्र आहेत ही खूण बहुतेक वेळा देतच नाहीत, ती गृहीत असते. पियानो शिकलेलं मूल इथे हमखास गोंधळतं.

पण स्वर ही सोपी बाजू. पाइपची खरी अडचण अशी, की हवा चालू असेपर्यंत आवाज थांबत नाही. मध्ये विराम नाही, लहान-मोठा आवाज नाही, जिभेने स्वर तोडण्याची सोय नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निमिषभराचा स्पर्श द्यावा लागतो. या स्पर्शस्वरांना ग्रेस नोट म्हणतात, आणि त्यांच्या ठरलेल्या जुड्या असतात: डबलिंग, थ्रो, ग्रिप, टॉर्लुआ, बर्ल. गाणं शिकलेल्या मुलाला कण आणि खटका माहीत असतो, म्हणून कल्पना पटकन समजते. हाताला मात्र समजत नाही. रोज वीस मिनिटं, मेट्रोनोम लावून, संथ. आठवड्यातून एकदा बसून दोन तास वाजवण्याला शून्य किंमत आहे. गाण्याच्या क्लासचा अनुभव असलेल्या पालकांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे कधी मूल ‘पिब्रोख’कडे वळलं तर आनंद माना. मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, जिग या चालीच्या आणि नाचाच्या धुना ही पाइपची हलकी बाजू. पिब्रोख म्हणजे एक संथ मूळ धून आणि तिचा टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा विस्तार. एक रचना दहा-पंधरा मिनिटं चालते. पूर्वी ती कागदावर नव्हतीच. गुरू ती अक्षरांनी गाऊन शिकवत: ‘हिहारिन’, ‘होद्रोहो’ अशी ठरलेली अक्षरं, ज्यात कोणता स्वर आणि कोणता स्पर्श हे दोन्ही येतं. तबल्याचे बोल तोंडपाठ करून वाढलेल्या घरात ही पद्धत अजिबात परकी वाटत नाही. नवख्यांच्या श्रेणीत पिब्रोखचा फक्त मूळ भाग, ग्राउंड, वाजवला तरी चालतो, त्यामुळे भीती बाळगू नका.

ड्रमचं काय

आपल्याकडची कितीतरी मुलं इथल्या ढोल-ताशा पथकांत वाजवतात. त्यांना लय असते, उभं राहून तासभर वाजवण्याचा दम असतो, आणि माणसं बघत असताना हात गळत नाही. बेस ड्रम (मोठा, खर्जाचा) आणि टेनर ड्रमला (मधल्या आवाजाचा) हे सगळं थेट उपयोगी पडतं. टेनरवाले काठ्या दोरीने बोटांना अडकवून हवेत फिरवतात; तो शोभेचा भाग वाटतो, पण त्या फिरकीतही ताल धरावा लागतो आणि परीक्षकाची नजर त्यावर असते.

स्नेअरची, म्हणजे तारांमुळे कडकडणाऱ्या ड्रमची, गोष्ट वेगळी. ताशा येतो म्हणून स्नेअर लवकर येईल असं समजू नका. पाइप बँडचा स्नेअर इतका ताणलेला असतो की टाचणी पडल्यासारखा कोरडा, टोकदार आवाज येतो, आणि एकेक टिपरी उघडी पडते. सुरुवात रबरी पॅडवर, दोन काठ्यांनी, दोन्ही हात सारखे करण्यापासून. पहिले काही महिने फार कंटाळवाणे असतात. खर्च मात्र कमी: पॅड आणि काठ्या एवढंच तुमचं, ड्रम बँडचा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा.

तिसरी पायरी: पाइप घेताना

शिक्षक ‘आता घ्या’ म्हणाले की घ्या, आणि त्यांनाच बरोबर घेऊन घ्या. आफ्रिकन ब्लॅकवुडचा साधा, नक्षी नसलेला नवा संच हजार डॉलरच्या वर सुरू होतो. चांदी चढली की आकडा कुठेही जातो. प्लास्टिकचे संचही चांगल्या कारागिरांकडे मिळतात, त्यांना तडा जात नाही आणि सूरही ठीक लागतो. बँडमधल्या कोणाचा जुना संच विकायला असेल तर तो उत्तम सौदा. एक अट: जुन्या संचावर हस्तिदंताच्या कड्या असतील तर तो घेऊन देशाबाहेर जाताना कस्टममध्ये त्रास होऊ शकतो. सुटीत भारतात वाद्य न्यायचं असेल तर हस्तिदंत नसलेलाच घ्या.

पिशवीबद्दल शाकाहारी घरांतून हमखास प्रश्न येतो. पारंपरिक पिशवी मेंढीच्या कातड्याची असते, हे खरं. आज मात्र कृत्रिम कापडाच्या पिशव्या सर्रास वापरल्या जातात, स्पर्धेतही, आणि नवशिक्यांना शिक्षक बऱ्याचदा तीच सुचवतात. काही पिशव्यांना साफ करायला झिप असते. ड्रोनच्या, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांच्या, रीडही आता बहुधा कृत्रिमच. चॅन्टरची रीड बोरूसारख्या पोकळ गवताची, ती वनस्पतीच.

साफसफाई टाळू नका. फुंकलेली वाफ पिशवीत साठते आणि बुरशी धरते. २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एका पाइपवादकाची नोंद प्रसिद्ध केली: न पुसलेल्या वाद्यातल्या बुरशीमुळे त्याच्या फुप्फुसांना सूज येत गेली आणि तो दगावला. असं क्वचितच घडतं. पण वाजवून झालं की आतून पुसायला पाच मिनिटं लागतात, आणि पाच मिनिटं देता येतात. उन्हाळ्यात वाद्य गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका, लाकूड तडकतं.

आता सुराचं. पाइपचा लो ए आज सुमारे ४८० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे पियानोच्या ४४० च्या ए-पेक्षा बराच वर. तीन ड्रोन: दोन ‘टेनर’, चॅन्टरच्या सा-च्या एक सप्तक खाली, आणि एक ‘बेस’, दोन सप्तकं खाली. चॅन्टरचे स्वर पियानोशी जुळवायचे नसतात, ड्रोनशी जुळवायचे असतात. तानपुरा जुळवताना दोन तारांमधली लाट हळूहळू विरत जाते तसंच इथे दोन ड्रोनमधली घरघर मंदावते आणि एका क्षणी नाहीशी होते. ज्या घरात तानपुरा लागतो, त्या घरातल्या मुलाला हे ऐकायला शिकवावं लागत नाही. ट्यूनरचं यंत्र असतं, सगळे वापरतात, पण मुलाला आधी कानाने लावू द्या.

आवाजाचं भान ठेवा. पूर्ण पाइप शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. वादकांसाठी मिळणारे कानातले बोळे वाजवणाऱ्याने आणि शेजारी बसणाऱ्याने दोघांनीही घालावेत. टाउनहाउसमध्ये पाइप वाजवणं शक्य नाही, हे स्वीकारा. बागेचा मागचा कोपरा, शाळेचा रिकामा पार्किंग लॉट, मंदिराच्या मागचं मैदान (आरतीची वेळ सोडून) चालतं.

चौथी पायरी: सदस्यत्व आणि श्रेणी

सदस्यत्व दोन प्रकारचं: व्यक्तीचं आणि बँडचं. बँड सदस्य असला म्हणजे मूल आपोआप सदस्य झालं असं नसतं; एकट्याने स्पर्धेत उतरायचं तर स्वतःचं वार्षिक सदस्यत्व काढा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावे काढताना पालकांचा ईमेल द्या, नाहीतर स्पर्धेच्या सूचना मुलाच्या शाळेच्या मेलबॉक्समध्ये पडून राहतील.

एकल स्पर्धेत हौशी वादकांच्या पाच श्रेणी, पाचवी सर्वांत खालची, पहिली वरची, आणि त्यापुढे व्यावसायिक. बँडच्याही पाच. सुरुवातीची श्रेणी शिक्षकाच्या सल्ल्याने घ्या. पुढे वर कधी जायचं हे निकालांवरून संघटना ठरवते, किंवा तुम्ही विनंती करता. आपल्याकडच्या पालकांना इथे घाई होते. शाळेत एक इयत्ता वगळून पुढे जावं तसं हे नाही. वरच्या श्रेणीत गेलेलं मूल खाली सहज येत नाही, आणि दोन वर्षं शेवटचा क्रमांक घेत बसलेली मुलं वाद्य सोडतात. चौथीत भक्कम उभं राहिल्याशिवाय तिसरी मागू नका.

प्रवेशिका स्पर्धेच्या काही आठवडे आधी बंद होतात. तारीख निघून गेल्यावर आयोजकांना फोन करून ‘जरा बघा ना’ म्हणण्याचा उपयोग नसतो. वादनक्रम छापून गेलेला असतो.

पाचवी पायरी: मैदानावरचा दिवस

स्पर्धा बहुतेक हायलँड गेम्समध्ये होतात. एकीकडे लाकडाचा ओंडका फेकणारे पहिलवान, एकीकडे नाच, एकीकडे मेंढ्यांमागे धावणारी कुत्री, आणि मैदानाच्या कडेला, शक्य तितक्या लांब, एकल पाइपवादकांचे तंबू. नॉर्थ कॅरोलिनात ग्रँडफादर माउंटनचे, १९५६ मध्ये सुरू झालेले गेम्स जुलैत भरतात. न्यू हॅम्पशायरचे लून माउंटनला सप्टेंबरात, पेनसिल्व्हेनियातले लिगोनियर आणि बेथलहेमचेही सप्टेंबरात, अटलांटाजवळ स्टोन माउंटनचे ऑक्टोबरात. सप्टेंबर म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. गणपतीत दीड दिवसाचा बसवणाऱ्यांचं भागतं, दहा दिवसांच्या घरात मात्र भांडण ठरलेलं. जानेवारीतच दोन्ही कॅलेंडर समोरासमोर ठेवा आणि बँडला आधी सांगा. ऐन वेळी एक पाइपर कमी झाला तर लहान बँडची किमान संख्याही भरत नाही, आणि सगळ्यांची स्पर्धा जाते.

एकल स्पर्धा सकाळी लवकर असतात. आदल्या रात्री पोहोचा. मैदानावर आधी नोंदणीच्या टेबलावर जाऊन क्रमांक घ्या, मग मुलाची जागा शोधा. प्रत्येक जागेवर एक स्टुअर्ड असतो, हातात यादी घेऊन. त्याला जाऊन ‘आलोय’ सांगायचं. नंतरचं सगळं तो बघतो. मुलाला त्याच्याशी स्वतः बोलू द्या. पालक मागे, शक्य असेल तर दिसणार नाहीत इतके मागे.

वाद्य तापायला वेळ लागतो. थंड चॅन्टर तापला की त्याचा सूर चढतो, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी वाजवायला सुरुवात करायची, पण दमायचं नाही. क्रमांक आला की मूल परीक्षकासमोर जातं, नाव आणि धून सांगतं. खालच्या श्रेणीत एकच धून पुरते; वरच्या श्रेणीत दोन-तीन द्याव्या लागतात आणि परीक्षक त्यातली एक निवडतो. थोडा वेळ ड्रोन जुळवायचे, मग सुरू. मध्ये चुकलं तरी थांबायचं नाही. थांबलं की निकालातून बाद; अडखळत का होईना, शेवटपर्यंत गेलं तर कागद मिळतो. अनेक मैदानांवर अगदी नवशिक्यांसाठी फक्त प्रॅक्टिस चॅन्टरची वेगळी स्पर्धा असते. पहिल्या वर्षी तीच धरा.

तो कागद ही या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई आहे. परीक्षक मूल वाजवत असताना लिहीत असतो: ‘डी थ्रो बंद’, ‘दुसऱ्या भागात लय पळाली’, ‘ड्रोन छान लागलेत’, ‘उजव्या हाताची करंगळी उशिरा’. लिहिणारा माणूस बहुधा स्वतः वरच्या दर्जाचा वादक असतो, आणि त्याच्या तासाची फी भरायची म्हटली तर परवडणार नाही. दिवसाच्या शेवटी हे कागद परत मिळतात. ते न घेता निघून जाणारे पालक मी पाहिले आहेत, पदक मिळालं नाही म्हणून. घरी गेल्यावर वर्षभराचे कागद एका फाइलमध्ये तारखेने लावा. चौथ्या-पाचव्या कागदावर एकच शेरा पुन्हा पुन्हा दिसायला लागतो, आणि शिक्षकाला पुढच्या हिवाळ्यात काय करून घ्यायचं हे त्यातून कळतं. दोन परीक्षकांनी उलटसुलट लिहिलं असेल तर मुलाला गोंधळू देऊ नका. एकाला लयीचा ध्यास असतो, दुसऱ्याला सुराचा. शिक्षकाला दाखवा, वाद घालू नका. परीक्षकाला गाठून ‘सर, जरा सांगा ना कुठे कमी पडला’ असं पालकाने विचारणं इथे अशोभनीय मानतात. स्पर्धा संपल्यावर मुलाने स्वतः नम्रपणे विचारलं तर बरेच जण दोन मिनिटं देतात.

दुपारी बँड. आधी बँड रांगेत उभा राहतो, पाइप मेजर हुकूम देतो, ड्रमचे दोन रोल होतात आणि सगळे पाइप एकाच क्षणी सुरू व्हावे लागतात. कोणाचा ड्रोन आधी बोलला किंवा चॅन्टर किंचाळला तर ते मैदानभर ऐकू येतं. चालत चालत बँड वर्तुळ करतो, सगळ्यांची तोंडं आत. प्रेक्षकांकडे पाठ का, हा आपल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो. एकमेकांकडे बघून, एकमेकांचं ऐकून वाजवायचं असतं म्हणून. बाहेरून परीक्षक फिरत असतात. मोठ्या स्पर्धेत चार: दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक ‘एन्सेम्बल’चा, म्हणजे सगळं मिळून एकच संगीत वाटतं का हे बघणारा. बरोबरी झाली तर एन्सेम्बलचा क्रमांक निर्णायक ठरतो. पाचव्या श्रेणीचा बँड साध्या मार्चच्या धुना जोडून वाजवतो. पहिल्या श्रेणीत मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील असा एक संच आणि दुसरा मनाजोगता मेडली, म्हणजे आपण निवडलेल्या धुनांची माळ.

शेवटी सगळे बँड एकत्र मैदानात उतरतात आणि निकाल वाचले जातात. निकालाला दोन तास लागले तर लागले. किल्ट लोकरीचा आणि बराच जड असतो. जुलैच्या उन्हात मुलाला मैदानावर उभं करताना पाणी, मीठ-साखर आणि सनस्क्रीन तुमची जबाबदारी. आणलेल्या पराठ्यांचे डबे उघडले की आसपासचे पाइपर आपोआप जमतात, तेव्हा चार जास्त करा.

पोशाख विकत घ्यायची घाई नको. किल्ट, कोट, टोपी बँड देतो. बूट आणि मोजे तुमचे. पुढे बांधायची स्पोरन ही पिशवी चामड्याची किंवा केसाळ कातड्याची असते. घरात त्याला हरकत असेल तर आधीच बोला, बहुतेक बँड पर्याय काढतात.

शिकण्याच्या पुढच्या वाटा

हिवाळ्यात संघटनेच्या शाखा कार्यशाळा घेतात, उन्हाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी आठवड्याची निवासी शिबिरं होतात. एक तरी शिबिर कराच. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एकाच वाद्याच्या संगतीत राहिल्यावर हात जो सुटतो, तो घरच्या वीस मिनिटांत सुटत नाही. परीक्षा द्यायच्या असतील तर स्कॉटलंडच्या ‘पायपिंग अँड ड्रमिंग क्वालिफिकेशन्स बोर्ड’च्या पायरीपायरीच्या परीक्षा आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका-मध्यमा दिलेल्या आई-बाबांना त्याची रचना लगेच कळेल: वादन आणि लेखी, दोन्ही. मात्र स्पर्धेच्या श्रेणीशी या परीक्षांचा थेट संबंध नाही, आणि परीक्षा पास झाल्याने बँडमध्ये जागा मिळत नाही.

कॉलेजचा विचार करणाऱ्यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाकडे पाहावं. तिथे बॅगपाइपमध्ये संगीताची पदवी घेता येते. ‘इंजिनिअरिंगला आपण त्याच कॉलेजचं नाव घेतो ना?’ असं नातेवाइकांना सांगून टाकलं की चर्चा बंद होते. काही संघटना आणि गेम्स तरुण वादकांना शिबिरांसाठी अर्थसाहाय्य देतात. आपल्या शाखेत काय आहे ते विचारा. पालक विचारत नाहीत म्हणून पैसे पडून राहतात असं एका सेक्रेटरीने मला सांगितलं होतं.

हंगाम संपल्यावर

शरद ऋतूत संघटनेची वार्षिक सभा होते. पुढच्या वर्षीचे नियमबदल, श्रेणीबदल तिथे ठरतात. सगळं काम स्वयंसेवकांवर चालतं, आणि मराठी मंडळाच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला इथली भांडणं मुळीच नवी वाटणार नाहीत. पालक म्हणून पुढच्या उन्हाळ्यात एका मैदानावर स्टुअर्डचं काम मागून घ्या. दिवसभर यादी घेऊन उभं राहिलं की कोणत्या बँडमध्ये मुलांना कसं वागवतात हे डोळ्यांनी दिसतं.

बँड बदलायचा विचार असेल तर तो याच काळात करा. प्रत्येक बँड आपल्या वादकांची नावं संघटनेकडे नोंदवतो, आणि एका हंगामात दोन बँडमधून वाजवता येत नाही. मध्येच बदललं तर जुन्या बँडची सोडचिठ्ठी आणि नियमातली मुदत दोन्ही सांभाळावी लागतात. जुन्या पाइप मेजरला आधी स्वतः भेटून सांगा, ईमेलवर नको. बँडचा ड्रम, किल्ट, चॅन्टर त्याच भेटीत धुऊन-पुसून परत करा आणि यादीवर त्यांची सही घ्या.